मातीतला अंगठा

माझी नणंद विद्यापीठाच्या कला विभागात शिल्पकला शिकवते आणि मी मेडिकलला शरीररचना. घरी आमचं बरं चाललंय, म्हणजे भांडणं वेळच्या वेळी होतात. चारचौघांत मी तिला मुद्दाम ‘वन्सं’ म्हणते, कारण तिला ते अजिबात खपत नाही.

यंदा वरून फर्मान निघालं. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या विभागाबाहेरचा एक जोडविषय निवडायचा आणि दोन विभागांच्या शिक्षकांनी मिळून तो शिकवायचा. आम्ही ‘हात’ हा विषय दिला. हाडं आणि स्नायू माझे, माती तिची. डीननी मान डोलावली आणि जाता जाता अट घातली: दोन्हीकडची मुलं आली पाहिजेत. नाहीतर विषय रद्द आणि मातीकामाच्या खोलीत कॉम्प्युटर. उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस, पण त्याचा शब्द चालतो. ती खोली गेली तर माझ्या नणंदेने काय व्हरांड्यात पुतळे घडवायचे?

“काळजी करू नका वन्सं,” मी म्हटलं, “माझी मुलं मी आणते.”

निवडीच्या दिवशी हॉलमध्ये प्रत्येक विषयाचं टेबल लागलं होतं. आमच्या टेबलावर माझा हाडांचा पंजा आणि शेजारी तिने घडवलेला मातीचा हात. कलेच्या मुलांनी सकाळीच नावं दिली. माझी मुलं मात्र यायची, माती बघायची आणि पलीकडच्या ‘रुग्णालय व्यवस्थापना’च्या टेबलाकडे सटकायची. “मॅडम, परीक्षेत माती विचारतात का?” असं एकाने अगदी मनापासून विचारलं.

दुपार टळली. मोजायची टेप घेतलेला एक माणूस येऊन मातीकामाची खोली कुठे आहे म्हणून विचारून गेला. नणंद मातीच्या हातावर ओलं फडकं फिरवत राहिली. तिचा चेहरा बघून माझं डोकं सणकलं, आणि डोकं सणकलं की मला चुका दिसायला लागतात.

“हा अंगठा चुकलाय,” मी म्हटलं. माझा आवाज मुळातच हॉलभर जाणारा. “मुळाशी हा उंचवटा कसला? आणि मधला सांधा असा उलटा वाकतो का कधी?”

दुसऱ्या कुणाला बोलणी बसताना बघायला माझ्या मुलांना फार आवडतं. पलीकडच्या टेबलावरची गर्दी आमच्याकडे वळली.

नणंदेने फडकं खाली ठेवलं. “वहिनी, हा आईचा हात आहे.”

सासूबाई जन्मभर पडदे आणि गाद्यांची कव्हरं शिवायच्या. मोठ्या कात्रीने जाडजूड कापड कापायच्या. शेवटची काही वर्षं ह्याच अंगठ्याला रोज शेक मी दिला होता. आणि आज भर हॉलमध्ये मी त्यात पुस्तकातला हात शोधत होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मॅडम चुकल्याचं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं असणार.

मला लाज वाटली, पण लाजून गप्प बसायचा माझा स्वभाव नाही.

“हात बरोबर आहे, मी चुकले. आता पुढे या सगळे,” मी म्हटलं. “कात्री चालवून चालवून मुळाचा हा सांधा झिजतो. हाड बाहेर सरकतं, तो हा उंचवटा. मग अंगठा उघडेनासा झाला, की मधला सांधा उलटा वाकून वेळ मारून नेतो. कात्री थांबत नाही ना.”

“मी नुसता बघून घडवला होता,” नणंद म्हणाली. “असा का झाला, ते आज कळलं.”

“आणि मला कारण पाठ होतं, तरी समोरचा हात ओळखला नाही. हेच शिकायचंय इथे. नावं द्या.”

मघाशी माती परीक्षेत विचारतात का म्हणणाऱ्यानेच पहिलं नाव दिलं. मग रांग लागली. टेपवाला परत आला, तेव्हा नणंदेनेच त्याला हाक मारली. “खोली मोजलीच आहे, तर आणखी किती स्टुलं मावतील तेवढं सांगा.”

सगळे गेल्यावर हाडांचा पंजा मी पेटीत ठेवत होते. तिने मातीचा नवा गोळा काढला.

“वहिनी, हात दे. पहिल्या तासाला नवीन हात लागेल.”

मी हात दिला. तिने सवयीने मनगटापासून चाचपत आणला आणि अंगठ्यापाशी थांबली. पुन्हा दाबून पाहिलं. तिथे दुखलं. कित्येक दिवस दुखत होतं, आणि मी ते थंडीवर ढकलत होते. इतकी वर्षं हातात चिमटा आणि सुरी घेऊन पोरांना हेच सांधे शिकवतेय मी.

“तुझाही सुरू झालाय,” ती हळूच म्हणाली. “थोडा सरळ करून घडवू?”

“अजिबात नाही,” मी म्हटलं. “आहे तसाच कर. आणि घरी गेल्यावर शेक तू द्यायचास.”