शस्त्रदालनातलं सत्यासन

"फिरली! फिरली!" कुणीतरी किंचाळलं आणि शस्त्रदालनातल्या दीडशे माना एकदम वर झाल्या.

छताच्या तुळईला टांगलेली जल्लादाची तलवार खरोखरच फिरत होती. माणसाच्या छातीपर्यंत येईल एवढी लांब, आडवी, मधोमध एका दोरीला बांधलेली. तिला कुणी हात लावलेला नव्हता. तिच्याखाली चारी बाजूंनी दोरखंड लावून जागा मोकळी ठेवली होती. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, दारं लावलेली. तलवारीचं टोक खिडक्यांवरून निघालं, पहिल्या रांगेच्या डोक्यांवरून सावकाश सरकलं आणि पूर्वेच्या भिंतीशी ठेवलेल्या एकुलत्या एका बाकाकडे येऊन थांबलं.

त्या बाकावर माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा बसला होता.

"पाहा!" आमचा व्याख्याता, पहाडी, गरजला. "जीभ खोटं बोलेल, डोळे खोटं बोलतील, पोलाद खोटं बोलणार नाही!"

पहिली खुर्ची कुणी फेकली ते मला दिसलं नाही. ती त्याच्या खांद्यावर आदळली. तो उठून "अहो, मागच्या दाराची किल्ली माझ्याकडे नव्हतीच..." एवढंच म्हणाला आणि लोक त्याच्यावर पडले. कुणी बुटाने, कुणी छत्रीच्या दांड्याने. एका म्हातारीने मोडक्या खुर्चीचा पाय उचलला आणि दोन्ही हातांनी त्याच्या तोंडावर हाणला. ती कारखान्याच्या आगीत गेलेल्या पोराची आई होती. दुसऱ्यांदा हाणला तेव्हा त्याचा डावा डोळा गेला. मग त्याला पाय धरून ओढत बाहेर नेलं. आमच्या संग्रहालयाच्या दगडी जिन्याला अठरा पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीवर त्याचं डोकं आपटल्याचा आवाज मी ऐकला. मी मध्ये घुसले तर कुणीतरी कोपर मारून माझा ओठ फाडला.

मी या संग्रहालयात मोडलेल्या वस्तू जोडायचं काम करते. फुटकी मडकी, तडकलेली चित्रं, वाळवी लागलेल्या चौकटी. बावीस वर्षं झाली. आमच्याकडे दर शनिवारी दुपारी व्याख्यान असे आणि त्यानंतर दालनांची फेरी. ऐकायला सात माणसं, त्यातली दोन पेंगणारी. क्युरेटर साहेब बिचारे दर आठवड्याला सातच्या सात जणांचे आभार मानायचे.

मग मागच्या वसंतात आमच्या समितीच्या अध्यक्षांनी एक नवा व्याख्याता आणला. पूर्वी नाटक कंपनीत पडदे आणि सामान सांभाळायचा. आवाज असा की खालच्या मजल्यावरची काच थरथरे, म्हणून आम्ही त्याला पहाडी म्हणायचो. पहिल्या महिन्यात त्याने तीच जुनी माहिती सांगितली. दुसऱ्या महिन्यात त्याने कपाटातली तलवार काढून छताला टांगली आणि तिला गोष्ट चिकटवली: या तलवारीने एकदा निरपराधाचं मुंडकं उडवलं, तेव्हापासून ती शरमेने पेटली आहे आणि खरा गुन्हेगार शोधते आहे. "मी कोण? मी तिचा नोकर! ती कुजबुजते, मी मोठ्याने बोलतो!" असं म्हणून तो डोळे मिटायचा आणि एका डोळ्याने गर्दी मोजायचा.

आमच्या नोंदवहीत त्या तलवारीपुढे स्वच्छ लिहिलंय: मिरवणुकीत नेण्यासाठी घडवलेली, धार कधीच लावलेली नाही. तिने भाजीसुद्धा कापली गेली नसती. मी ते क्युरेटरना दाखवलं. ते म्हणाले, "अहो, दालन भरतंय ना? लोक येतायत ना? मग थोडी चटकदार गोष्ट चालायचीच."

आधी गंमत होती. हरवलेली अंगठी, कुणी कुत्र्याला विष घातलं, असले प्रश्न. ज्याच्यावर संशय त्याला पहाडी बाकावर बसवायचा. बाकाला त्याने नाव दिलं होतं, सत्यासन. कुत्र्याच्या प्रकरणात एका न्हाव्याचे पुढचे दोन दात पाडले, तेव्हाच मी आरडाओरडा करायला हवा होता. मी तक्रारीचा अर्ज लिहिला आणि वाट बघत बसले.

मग अध्यक्षांच्या फर्निचरच्या कारखान्यात आग लागली. पॉलिशच्या खोलीत दोन तरुण कारागीर जळून मेले. मागच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. ते कुणी लावलं? तपास चालू होता, पण लोकांना थांबायचं नव्हतं. माझा मेहुणा त्या कारखान्यात रखवालदार होता. शनिवारी पहाडीने त्याला सत्यासनावर बसवलं. पुढचं सांगितलंच आहे. जीव वाचला, पण तो दवाखान्यात पडून होता.

सोमवारी संग्रहालय बंद असतं. सफाईवाल्यांनी शस्त्रदालनात पाय ठेवायला नकार दिला, तलवार आपल्याकडे वळली तर? म्हणून बादली घेऊन मीच गेले. आपल्याच माणसाचं रक्त होतं, दुसऱ्या कुणी पुसावं असं मलाही वाटत नव्हतं. आधी गार पाण्याने काढलं. फरशांच्या सांध्यांतलं जाईना, म्हणून उकळत्या पाण्याच्या चार बादल्या आणून ओतल्या. बाहेर कोरडी, हाडं फोडणारी थंडी. खिडक्या शनिवारपासून बंदच होत्या. दालनात वाफच वाफ झाली. मी गुडघ्यांवर बसून घासत होते, रडत होते, आणि मध्येच घाम पुसायला मान वर केली.

तलवार फिरत होती.

दालनात मी एकटी. गुन्हेगार नाही, पहाडी नाही, प्रश्न विचारणारं कुणी नाही. टोक खिडक्यांवरून निघालं, रांगेच्या जागेवरून सरकलं आणि रिकाम्या बाकाकडे येऊन थांबलं.

खोटं कशाला सांगू, क्षणभर माझ्याही अंगावर काटा आला. मग मी उठून सगळ्या खिडक्या सताड उघडल्या आणि भिंतीला टेकून उभी राहिले. वाफ गेली, थंडी आत आली. पंधरा-वीस मिनिटांत तलवार गुपचूप आपल्या जागी परत गेली.

मी शिडी लावून वर चढले. तलवार ज्या दोरीला बांधली होती ती सुती नव्हती की काथ्याची नव्हती. ती तात होती. जुन्या धंद्यांच्या दालनात कापूस पिंजायची एक धनुकली आहे, तिची तात वसंतात गहाळ झाली होती. मीच तशी नोंद केली होती. तात म्हणजे जनावराच्या आतड्याला पीळ देऊन केलेली दोरी. दमट झाली की तिचा पीळ सैल होतो, सुकली की पुन्हा आवळतो. आणि पीळ सुटला की खाली टांगलेली वस्तू फिरणारच.

दमटपणा कुठून यायचा? शनिवारी त्या बंद दालनात दीडशे माणसं तासभर श्वास सोडत बसायची. तलवार लोकांच्याच श्वासावर फिरत होती. "वाऱ्याने फिरली असं कुणी म्हणायला नको" म्हणून पहाडी स्वतःच्या हाताने खिडक्या लावायचा, आणि लोक त्याच्या प्रामाणिकपणाला मान डोलवायचे. टोक कुठे थांबतं ते त्याने आधी चार-सहा वेळा बघून ठेवलं होतं. बाक तिथे मांडला की झालं. ज्याला बसवेल तो गुन्हेगार.

मी क्युरेटरकडे धावले. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आता लोक कुणाचं ऐकायच्या मनःस्थितीत नाहीत. आणि अध्यक्षांनी पुढच्या शनिवारचं जाहीर केलंय."

"काय जाहीर केलंय?"

"तुमची बहीण. ती रोज नवऱ्याचा डबा घेऊन कारखान्यात जायची. किल्ली तिनेच लपवली असं लोक म्हणतात."

त्या आठवड्यात धाकटीच्या घराच्या सगळ्या काचा फुटल्या. दवाखान्यात जाताना तिला दोघांनी गटारात ढकललं. मी म्हटलं, गाव सोडून जाऊ. ती म्हणाली, "ताई, पळाले तर यांना मारायला दवाखान्यात येतील. मी बसते. माझ्या मनात काही नाही, तलवार वळणार नाही."

"अगं, तुझ्या मनाशी तिचा काही संबंधच नाही!"

शनिवारी दोनशेच्या वर लोक. काहींच्या हातात दांडकी, आणि दारावर त्यांना कुणी अडवलं नाही. अध्यक्ष पुढच्या खुर्चीत. पहाडीने धाकटीच्या दंडाला धरून तिला बाकाकडे नेलं, तेवढ्यात मी पुढे झाले. माझ्या हातात उंच खिडक्या उघडायची लोखंडी काठी होती.

"एक विनंती आहे," मी म्हटलं. "कारखाना अध्यक्षसाहेबांचा. दोन पोरं तिथे गेली. आधी साहेबांनी बसून दाखवावं, म्हणजे तलवार लहान-मोठा बघत नाही हे सगळ्यांना कळेल."

पहाडीचा चेहरा उतरला. "छे छे! एका दिवशी एकच प्रश्न! पोलाद रुसतं!"

"रुसतं?" ती म्हातारी उठली. "गेल्या महिन्यात एकाच दिवशी तीन जणांना बसवलं होतंस की. बसा साहेब. घाबरता कशाला?"

अध्यक्षांनी पहाडीकडे पाहिलं. त्यांना वाटत होतं, तलवार याच्या ताब्यात आहे. ते हसले, कोट सारखा केला आणि ऐटीत जाऊन बसले. पहाडी पुटपुटत राहिला. त्याला ती फिरवता येत नव्हती, तशी थांबवताही येत नव्हती. सगळे श्वास रोखून बघत होते, पण किती वेळ रोखणार? दालन हळूहळू कोंदट झालं, मानेवर घाम आला आणि टोक निघालं. खिडक्यांवरून, रांगांवरून, थेट अध्यक्षांच्या छातीकडे.

गर्दीतून जो आवाज निघाला तो मी कधी विसरणार नाही.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. मला ठाऊक होतं काय होणार. आठवडाभर मी मनात तेच बघत होते: या माणसाचं डोकं अठरा पायऱ्यांवर आपटतंय. लोक तुटून पडले आणि दोन श्वास मी गप्प उभी राहिले. त्या दोन श्वासांत अध्यक्षांचं गळ्याचं हाड मोडलं आणि एक कान अर्धा फाटला. मग त्यांच्या तोंडातून रक्त आलं, आणि ते माझ्या मेहुण्याच्या रक्तासारखंच दिसलं.

मी काठी फिरवली आणि खिडकीची पहिली काच फोडली. मग दुसरी. मग सगळ्या. काचांचा सडा पडला, गार वारा आत घुसला, लोक दचकून वळले.

"थांबा!" मी ओरडले. "तलवार याच्याकडे वळली म्हणून हा गुन्हेगार ठरत नाही! वर बघा!"

वारा झोंबत होता. तात सुकू लागली. हळूहळू टोक अध्यक्षांवरून सुटलं आणि रांगांवर आलं. ज्याच्यावर यायचं तो किंचाळून खाली बसायचा. दांडकी घेतलेला एक आडदांड गडी शेजारच्याला पुढे ढकलून त्याच्यामागे लपला. टोक क्युरेटरवरून गेलं, म्हातारीवरून गेलं, माझ्यावरून गेलं.

"आता काय, सगळ्यांनाच मारायचं?" मी विचारलं.

मग मी शिडीवर चढून ती तात सोडली, सगळ्यांना दाखवली, धनुकलीची नोंद वाचली, किटली मागवून वाफेवर ती कशी उलगडते ते करून दाखवलं. तीनदा दाखवलं. पहाडी दाराकडे सरकत होता. त्याला धरून कुणीतरी नाक फोडलं. मी काठी आडवी धरून मध्ये उभी राहिले. "याला हात लावू नका. याला बोलू द्या."

"मला साहेबांनी सांगितलं," तो नाक दाबून रडत म्हणाला, आणि तो पहाडी आवाज कुठल्या कुठे गेला. "म्हणाले, त्या रखवालदाराला बसव."

मागच्या रांगेतून एक माणूस पुढे आला. गावातला कुलूपवाला. "ते कुलूप मी बसवलं होतं," तो म्हणाला. "आगीच्या आदल्या दिवशी. पॉलिशवाले सारखे बाहेर जातात म्हणून साहेबांनी बसवून घेतलं. किल्ली एकच होती, ती त्यांच्या हातात दिली."

"मग इतके दिवस गप्प का होतास?" म्हातारी त्याच्यावर धावली.

"तलवारीने सांगितलं होतं ना, रखवालदार म्हणून. मला वाटलं, माझीच काहीतरी चूक होत असेल."

ती किल्ली पोलिसांना अध्यक्षांच्या टेबलाच्या खणात मिळाली. खटला उभा आहे. त्यात कुलूपवाल्याची साक्ष होईल, वकील उलटसुलट विचारतील, वेळ लागेल. लागू दे.

रविवारी ती म्हातारी दवाखान्यात आली. धाकटी दार अडवून उभी राहिली, पण आतून तो म्हणाला, "येऊ दे त्यांना." म्हातारी खाटेशी येऊन उभी राहिली. त्याच्या डोळ्यावरच्या पट्टीकडे बघवत नव्हतं तिला.

"तू लावलं होतंस का रे ते कुलूप?"

"नाही हो मावशी."

"एवढंच विचारायचं होतं," ती म्हणाली. "हे मी तुला मारायच्या आधी विचारायला हवं होतं."

चमत्कार माणसाला फसवतो, हे तर आहेच. पण त्याहून वाईट म्हणजे तो माणसाचं विचारणं बंद करतो. उत्तर मिळालं असं वाटलं की कुलूपवाल्याला कुणी विचारत नाही, दोरी कशाची आहे ते कुणी बघत नाही. म्हणून माझं मागणं एवढंच आहे: तुमच्यासमोर काही आपोआप हललं, वळलं, बोललं, तर हात जोडायच्या आणि हात उगारायच्या आधी खिडकी उघडा, शिडी लावा, वर चढून बघा. आणि ज्याच्याकडे सगळे बोट दाखवतायत, त्यालाही एकदा विचारा.