काचपेटीतल्या जुन्या दगडाची खरी हकिगत

मी एक जुना दगड आहे, आणि मी जे सांगणार आहे त्यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही. बसू नये, इतकं ते खरं आहे. मित्रांनो, माझा जन्म झाला तेव्हा समुद्र गुडघाभर होता. मी वाढत गेलो, तसं मला झाकण्यासाठी त्यालाही वाढावं लागलं. एकदा एक देवमासा मला धडकला. टेंगूळ त्याला आलं. "माफ करा, काका," म्हणत बिचारा निघून गेला.

पुढे कुणीतरी मला उचललं, ओल्या कागदात गुंडाळलं आणि माशांच्या दुकानातून मी या घरी आलो. घर चष्मे दुरुस्त करणाऱ्या एका बाईंचं. बाहेरच्या खोलीत त्यांचं टेबल, त्यावर तिळाएवढे स्क्रू आणि काड्या मोडलेले चष्मे. भिंतीला लागून आमची खाऱ्या पाण्याची पेटी आणि पेटीसमोर खुर्चीत त्यांचे वडील. आजारपणात त्यांचे पाय गेले, बोलणंही जवळपास गेलं. दिवसभर ते मासे बघत. मासे खाताना दिसले की तेही दोन घास घेत. लेकीने हे हेरलं होतं. आधी ती पेटीत चिमूटभर खाणं टाकायची, मग वडिलांपुढे ताट ठेवायची.

तेव्हा माझं काय कौतुक होतं! माझ्यावर जांभळं शेवाळ चढलं होतं, प्रवाळाची फुलं उमलली होती. चष्मा न्यायला आलेलं गिऱ्हाईक चष्मा विसरून मला बघत बसायचं.

मग मासे कमी होऊ लागले.

"आज कोण नाही?" वडील सकाळी विचारायचे. त्यांचं बोलणं आता तेवढंच उरलं होतं. एके दिवशी निळा नव्हता. मग पट्टेरी जोडीतला एक गेला, आणि त्याच्या विरहाने दुसराही. विरहानेच, मित्रांनो. पट्टेरी माशांचा शेपटीकडचा भाग जरा कडवट लागतो. असं आपलं मी ऐकून आहे.

बाईंनी भिंग डोळ्याला लावलं आणि पेटीचा कोपरान्‌कोपरा धुंडाळला. त्यांना न आणलेले पाहुणे सापडले. पहिला एक केसाळ किडा. दुकानदार म्हणाला, केसाळ दिसलं की चोर समजायचं, ताई. बाईंनी त्याला वाटीत काढून फेकून दिलं. नंतर चित्रांच्या पुस्तकाचं पान उलटलं तेव्हा कळलं, तो फक्त मेलेलं आणि सांडलेलं खातो. पेटीचा झाडूवाला होता बिचारा. मग चिमटे मोठे म्हणून खेकडा गेला. मग काहीच सापडेना, म्हणून नखाएवढा तारामासा गेला. मी सगळं बघत होतो. साक्ष द्यायला मला कुणी बोलावलं नाही, आणि न बोलावता बोलायची माझी सवय नाही.

मासे जातच राहिले. वडील ताट बाजूला सारू लागले. लेक भरवायला बसली तर तोंड मिटून घेत. शेवटी पेटीत एकटी पिवळी मासोळी उरली. ती खाई तेवढंच तेही खात. पिवळी भ्यालेली, ती खाणार तरी किती?

दुकानदार पुन्हा आला. म्हणाला, चोर बाहेर नाहीच, या दगडाच्या पोटात असणार. हातभर लांब किडे असतात, वर्षानुवर्षं दिसतही नाहीत. दगड काढून उन्हात टाका. मित्रांनो, असल्या अफवा पसरवणाऱ्यांपासून सावध राहा.

बाईंनी बाह्या वर केल्या, हात पाण्यात घातले, मला धरलंसुद्धा. तेवढ्यात वडील बोलले.

"राहू दे गं. पिवळी कुठे निजेल मग?"

कित्येक महिन्यांनी ते इतकं बोलले होते. बाईंनी हात बाहेर काढले आणि ओढणीला पुसले. दुकानदाराने पुन्हा दगडाचं नाव काढलं, तेव्हा म्हणाल्या, आता बाबा नाही म्हणालेत ना, झालं.

म्हणून मी अजून इथे आहे. आता माझ्याकडे कुणी कौतुकाने बघत नाही. जांभळा रंग उडाला, फुलं गेली. माझी एवढीच विनंती आहे. जुन्या दगडांना जपा. त्यांना घासू नका, उन्हात टाकू नका, आणि खालच्या भोकात काडी तर कधीच घालू नका. फार एकटेपणा असतो हो त्यांना. म्हणून जरा जवळ या, मित्रांनो. अशा या कपारीपाशी.

पिवळी जवळ आली नाही. ती काचेला अंग लावून थांबली. काचेपलीकडे म्हातारा हातात घास धरून तिची वाट बघत होता.

"आजोबा," ती म्हणाली, "मित्रांनो कुणाला म्हणता? मी एकटीच उरले आहे. आणि दगडाला चव कळत नाही."