कापलेला भाग

मिस्त्रींनी फोन डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला, आवाज पूर्ण वाढवला आणि हाताची घडी घालून बसले. फोनमधून त्यांचंच घोरणं सुरू झालं. मागून आगगाडीची शिटी, मध्येच ट्रकचा गिअर पडल्याचा आवाज. दाराशी उभी असलेली नर्स तोंडावर हात धरून हसली.

“ऐका. सलग आहे की नाही? श्वास कुठे थांबतोय?” मिस्त्री म्हणाले. “चौतीस वर्षं गॅरेज चालवलंय मी. बंद पडणारं इंजिन मला लांबून कळतं.”

“थांबतो,” शेजारच्या खुर्चीवरून त्यांच्या पत्नी, शाळेतल्या बाई, म्हणाल्या.

“हिला चूक काढल्याशिवाय चैन पडत नाही, डॉक्टर. सगळा जन्म पहिलीच्या वर्गात गेला.”

नर्स पुन्हा हसली. बाईंनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. तिने हात खाली घेतला.

ही क्लिप मिस्त्रींच्या धाकट्या भावाने गमतीसाठी आवाज मिसळून बनवली होती. लग्नांचे व्हिडिओ जोडून देण्याचा त्याचा धंदा. दोन वर्षं घरात चार माणसं जमली की ती वाजायची आणि दर वेळी बाई म्हणायच्या, “हसताय काय? श्वास अडकतो त्यांचा.” मग कोणीतरी म्हणायचं, “वहिनी, किती ते मनाला लावून घेता!” मोहल्ल्यातल्या डॉक्टरांनी तर बाईंनाच कानात कापूस घालायला सांगितलं होतं. तो सल्ला आठवला की आजही त्यांच्या कानशिलाची शीर उडायची.

“तीन गोळ्या चालू आहेत, तरी रक्तदाब उतरत नाही,” डॉक्टर कागदावरून नजर न उचलता म्हणाल्या. “ठोकेही अनियमित आहेत. झोपेची तपासणी करून घ्या. एक रात्र इथे झोपायचं, अंगाला तारा लावून.”

“तारा लावून झोपायला मी काय रेडिओ आहे? आणि दुखणं हृदयाचं, तपासणी घोरण्याची?”

डॉक्टरांनी अर्ज पुढे सरकवला. “विचार करा. बाहेर बसून भरा.” त्यांनी पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली.

बाहेर बाकावर धाकटा बसला होता. त्यानेच दोघांना गाडीतून आणलं होतं. मिस्त्रींनी अर्जात नाव, वय, वजन एवढं लिहिलं आणि पेन खिशाला लावलं.

“पुढचं भरा,” बाई म्हणाल्या.

“भरून काय करू? मी येणार नाही.”

बाईंनी एक श्वास सोडला. बेरीज न येणाऱ्या मुलाशी त्या बोलायच्या, तशा हळू बोलू लागल्या.

“तुमच्याकडे एक गाडी आली. दर दोन मिनिटांनी बंद पडते, की लगेच स्टार्टर मारायचा. रात्रभर. किती दिवस टिकेल?”

“स्टार्टर जळेल. बॅटरी बसेल.”

“श्वास थांबला की तुमचं हृदय तेच करतं. दचकून, धावत. मग सकाळी रक्तदाब कसा उतरेल?”

“पण माझी गाडी बंद पडतच नाही ना! आत्ताच ऐकवलं सगळ्यांना.”

बाई धाकट्याकडे वळल्या. “तू ती क्लिप कशी केलीस?”

“कशी म्हणजे? नेहमीसारखी.” तो ओशाळून हसला. “मधले रिकामे तुकडे काढले, वहिनी. शांतता आली की लोक पुढे सरकवतात. अकरा मिनिटांचं होतं, दीड मिनिटात बसवलं.”

“काय काढलंस?”

“रिकामं होतं हो. त्यात काहीच नव्हतं.”

“काहीच नव्हतं!” बाईंचा आवाज इतका चढला की रांगेतली माणसं वळून बघू लागली. “दोन वर्षं मला वेडी ठरवलंत सगळ्यांनी! लाव. न कापलेलं लाव.”

धाकटा कधी काही पुसून टाकत नसे. त्याने फोनमध्ये खाली खाली शोधलं आणि ते लावलं.

सुट्टीची दुपार होती ती. सगळे जेवून हॉलमध्ये आडवे झाले होते. घोरणं चढत गेलं आणि तुटलं. मागे फक्त पंखा. मिस्त्री फोनवर वाकले. पंखाच फिरत राहिला. मग वह्या तपासता तपासता बोलावा तसा बाईंचा आवाज आला, “अहो. घ्या.” हाताची एक चापट, आणि बुडालेला माणूस वर यावा तसा मोठा श्वास.

पुन्हा घोरणं. पुन्हा पंखा. “अहो. घ्या श्वास.”

सहाव्यांदा तो आवाज आला तेव्हा धाकट्याने फोन बंद करायला हात पुढे केला. मिस्त्रींनी त्याचं मनगट धरलं. अकराही मिनिटं त्यांनी ऐकली. बाईंकडे त्यांनी पाहिलं नाही. मग खिशाचं पेन काढून ते काउंटरपाशी गेले.

“तपासणीची तारीख द्या,” ते म्हणाले.

“गुरुवार चालेल,” काउंटरवरची मुलगी म्हणाली. “रात्री सोबत कोण थांबणार? मिसेस?”

“नाही. कोणी नको.” मिस्त्रींनी अर्ज काउंटरवर ठेवला. “तिला घरी झोपू दे.”

मागे उभ्या असलेल्या बाईंचा राग अजून उतरला नव्हता. त्यांनी अर्ज मिस्त्रींच्या हाताखालून ओढून घेतला, वजनाचा आकडा खोडला आणि खरा लिहिला.