नागीचं तळं

२०१६च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी येऊ लागलं, तेव्हा देविदासनं कॉम्प्युटर खोक्यात बांधला आणि एसटीनं हदगावला चांगुणा आत्याकडे आला. आत्याच्या दारातल्या हापशाला अजून पाणी होतं आणि त्याला तीन आठवड्यांत एका स्पर्धेसाठी गेम पूर्ण करायचा होता.

तो आणि उदगीरची नीलम्मा, दोघंच चार वर्षं त्यावर खपत होते. प्रोग्रॅमिंग त्याचं, चित्रं तिची. गेममधली मुलगी पाणी शोधत देशोदेशी फिरते, तिथल्या जुन्या दैवतांना भेटते. देविदास स्वतः पाठीवर पिशवी टाकून नेपाळ, कंबोडिया, इजिप्त हिंडून आला होता. वाटेत ज्यांनी गोष्टी सांगितल्या त्या सगळ्यांची नावं शेवटी पडद्यावर येत.

शेवटचा टप्पा मराठवाड्याचा होता. तळ्याला पाणी लागत नाही म्हणून एक राजकन्या हसत हसत तळ्यात उतरते आणि तिच्या पावलांपाशी पाणी वर येतं. स्पर्धेसाठी आधी पाठवलेल्या नमुन्याच्या चित्रफितीतला एका परदेशी परीक्षकाला हाच भाग सगळ्यांत आवडला होता. गोष्ट कुठली, असं त्यानं विचारलं तेव्हा देविदास म्हणाला होता, प्रवासात ऐकली.

खरं तर ती त्यानं लहानपणी याच घरात आत्याच्या तोंडून ऐकली होती.

आत्यानं तीस वर्षं अंगणवाडी चालवलेली. पोरगं दिवसभर काय करतं ते बघायचं म्हणून एका दुपारी तीच माऊस धरून बसली. कंबोडियातली नदी, होडी, सगळं तिला आवडलं. मग तळं आलं.

"ही कोन?"

"राजकन्या."

"अन् नागी कुठं हाय?"

बाहेरच्या लोकांना ते समजलं नसतं, असं काहीतरी तो बोलला. आत्यानं चष्मा काढला.

"नागी आपल्या गावकुसाबाहीरच्या वस्तीतली हुती, म्हणून तळ्यात बळी द्यायला तिलाच धरून नेलं. सात वर्सांचं लेकरू. ती हसली न्हवती, देविदास."

पडद्यावर नावं सरकू लागली. आत्यानं ती बोट ठेवून वाचली. होडीवाल्याचं नाव होतं, काठमांडूच्या चहावाल्या बाईचं होतं. तिचं नव्हतं. ती उठली आणि पीठ मळायला बसली. ती रागावली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

त्यानं नीलम्माला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मी त्या पोरीला शेकडो वेळा हसताना काढलंय. मला आधी का नाही सांगितलंस?" तरी नवी चित्रं काढायला ती तयार झाली. स्पर्धेची तारीख हुकली. जुनी चित्रफीत मात्र लोकांनी एकमेकांना पाठवली होती. ती परत घेता येण्यासारखी नव्हती.

नव्या टप्प्यात पाणी लागत नाही. प्रवासी मुलगी कोरड्या तळ्याकाठी बसते आणि एक बाई तिला नागीची गोष्ट सांगते. आवाज आत्याचाच घ्यायचा ठरला. माझं नाव नको, नागीचं घाल, असं ती म्हणाली. त्यानं दोन्ही घातली.

आवाज घ्यायच्या दिवशी आत्या माइकसमोर बसली आणि सुरू करायच्या आधी म्हणाली, "आता लोक इचारतील, तू कुठल्या वस्तीतला."

"सांगीन."

"लातुरात शिकत हुतास तवा कुनी इचारलं न्हाई का?"

विचारलं होतं. तेव्हा त्यानं एकदा गावातल्या दुसऱ्याच गल्लीचं नाव सांगितलं होतं. ते आत्याला सांगताना त्याची मान वर झाली नाही.

आत्यानं ऐकून घेतलं, पदर सारखा केला आणि गोष्ट सांगायला लागली.