बिनतेलाचं चाक

चाक फिरत होतं, आणि त्याच्याबरोबर गावाची डोकीही.

मैदानाच्या मधोमध लाकडी मंच होता. मंचावर दोन जाड खांब आणि त्यांच्यामध्ये पुरुषभर उंचीचं चाक, त्याला बारा डबे बांधलेले. डबे खालच्या हौदात बुडायचे, भरून वर जायचे आणि पन्हळीतून धबाधबा टाकीत रिकामे व्हायचे. वायर नाही, इंजिन नाही, हात लावणारंही कुणी नाही.

"ना वीज, ना डिझेल, ना बैल," चाकबाबा डोळे मिटून म्हणाले. "तेलाचा थेंबसुद्धा नाही. मी फक्त विनंती करतो. चाक ऐकतं."

लोकांचे पाय जमिनीवर राहिले नव्हते. शिंपी म्हणाला, "असं एक लहानसं चाक मशीनला लावलं की मी नुसती कात्री चालवणार."

"मग पाय कशाला ठेवलेत?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"चहाला जायला."

बाबा गावात आल्यापासून दोनच दिवसांत गिरणीवालीच्या सासूबाई त्यांच्यापुढे पहिल्या रांगेत जाऊन बसल्या होत्या. "माझ्या गुडघ्यांना बसेल का हो एखादं?" त्यांनी विचारलं. बाबांनी "बघू" म्हटलं. तेवढ्यावर सासूबाई तरंगत घरी आल्या.

गिरणीवालीचा नवरा गवंडी. त्याला तर जागेपणी तिसऱ्या मजल्यावर विटा चढताना दिसत होत्या, एकामागून एक, कुणाच्याही डोक्यावर न बसता. "अगं, पाटी नाही, मान दुखणं नाही. विटांना म्हणायचं चला, की त्या चालल्या."

"आणि सिमेंट काय, वाटेत गप्पा मारत येणार?" गिरणीवाली म्हणाली.

अट एकच होती. चाकाला सवत खपत नाही. ज्या घरात मोटर, त्या घरात चाक रुसतं. म्हणून मोटरी, पंप, मिक्सर बाबांच्या ट्रकपाशी आणून टाकायचे. बाबा आज दुपारी त्यांची विल्हेवाट लावायला निघणार आणि तीन महिन्यांनी घरोघरी चाकं घेऊन येणार. शिंप्याच्या बायकोने पंखाही दिला होता आणि आता ती पदराने वारा घेत चमत्कार बघत होती.

गिरणीची मोटर अजून जागेवर होती. तीही नशिबाने. गवंड्याने सकाळी तिचे तीन नट सैल केले होते, पण चौथा गंजलेला होता, हलेना. गिरणीवाली दळण टाकायला आली तर नवरा मोटरपाशी पालथा. ही मोटर तिच्या आईची. आईमागे तिने गिरणी चालवली ती या मोटरीवर. तिची गुणगुण जरा बदलली तरी गिरणीवालीला झोपेत कळायचं.

"अहो, हात काढा."

"तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे. मोठा पाना घेऊन येतो मैदानातून, बाबांच्या ट्रकवरून," म्हणत तो निघालाच. म्हणून तीही पिठाच्या हातांनी त्याच्या मागोमाग मैदानात आली होती.

चाक फिरत होतं. गिरणीवालीने बघण्याऐवजी ऐकलं.

टप. टप. टप.

पाण्याचा आवाज नव्हता तो. वीस वर्षं तिने तो आवाज उशाशी घेतला होता. चामड्याचा पट्टा जिथे शिवून जोडलेला असतो, तो सांधा पुलीवरून जाताना असा टपकन बोलतो. आणि वास? पट्टा घसरू नये म्हणून लावतात त्या राळेचा. तिच्या स्वतःच्या बोटांना येतो तोच.

बिनपट्ट्याच्या चाकाला सांधा कुठून आला?

"आई, चाक किती वेळ फिरतं सलग?"

"पाव तास. मग ध्यानाला बसतं," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या. "आणि जेवतंसुद्धा गं. मंचाच्या पडद्याआड ताट सरकवलं की लख्ख होऊन परत येतं. काल मी केलं होतं. चाकाने दुसऱ्यांदा भात मागितला."

"तिखट चालतं?"

"नाही. बाबा म्हणाले, चाकाला पित्त होतं."

गिरणीवाली तडक मागे वळली. गिरणीत गेली आणि तेलाची झारी घेऊन आली. तिची आई सांगायची, यंत्राला तेल, पट्ट्याला कोरडं कापड. उलट केलंस तर उपाशी राहशील.

"बाबा, चाक कुरकुरतंय. दोन थेंब घालू?"

"माई, याला तेल लागत नाही."

"लागत नसेल, पण आवडेल तर. इतकं राबतंय बिचारं."

"घालू द्या की," गर्दी म्हणाली. "माउलीला वाटतंय तर." शिंप्याने तिला हात देऊन मंचावर चढवलंसुद्धा. बाबा पुढे येईपर्यंत तिने आस खांबात शिरतो तिथे झारी उपडी केली. दोन थेंब म्हणता म्हणता अर्धी झारी.

टप. टप... टप.

चाक मंदावलं, थबकलं. भरलेल्या डब्यांच्या वजनाने उलटं फिरलं आणि पहिल्या रांगेला आंघोळ घातली. मंचाखालून मात्र खर्रर्र खर्रर्र वाढतच गेलं, आणि मग चाकाला कंठ फुटला.

"ओ मामा, पट्ट्यावर तेल कुणी सांडलं?"

साऱ्या माना बाबांकडे वळल्या.

"चाक बोललं," बाबा म्हणाले.

शिंपी विचारात पडला. "म्हणजे तुम्ही चाकाचे मामा?"

गिरणीवालीने मंचाचा पडदा वर केला. आत पुढचं चाक काढलेली सायकल, तिच्यावर बनियनमधला एक किडकिडीत माणूस, घामाने निथळलेला. शेजारी रिकामं ताट. सासूबाईंनी ताट ओळखलं.

"भात छान होता, आजी," तो ओशाळून म्हणाला.

हशा उसळला. शिंपी तर जमिनीवरच बसला. पण गवंडी बाह्या सरसावून पुढे झाला, तेव्हा गिरणीवालीने त्याला अडवलं आणि त्या माणसाला आधी पाणी दिलं.

"हे कुणी जुळवलं?"

"मीच. पायडलवरून पट्टा, पट्टा पोकळ खांबातून वर, वर पुली, पुलीवर आस." सांगताना त्याचा चेहरा उजळला. "एका माणसाच्या पायावर पाव तासात टाकी भरते, ताई."

"इतकं चांगलं यंत्र केलंस, आणि लपवून ठेवलंस?"

"मामा म्हणाला, माणूस दिसला तर कोण बघायला येतंय?"

गिरणीवालीने पाण्याचं रिकामं भांडं परत घेतलं. ती गर्दीकडे वळली. ओलीचिंब, हसून हसून दमलेली तिचीच माणसं.

"जगात आपोआप काही फिरत नाही," ती म्हणाली. "फिरत असेल तर कुणीतरी फिरवतंय. पाणी, वारा, वीज, जनावर, नाहीतर माणूस. चमत्कार दिसला की पाया पडा हवं तर, पण आधी वाकून खाली बघा. कोण राबतंय ते विचारा. विचारल्याने खरं यंत्र कधी बंद पडत नाही."

मग लोकांनी फळ्या काढून सायकल उजेडात आणली, पट्टा पुसून परत चढवला आणि सीटवर चाकबाबांना बसवलं.

"करा विनंती," शिंपी म्हणाला. "चाक ऐकतं."

टाकी भरेपर्यंत बाबांनी बरीच विनंती केली. भाचा शेजारी उभा राहून गवंड्याला दाखवत होता, डब्यांच्या जागी विटांसाठी पाळणे कसे लावता येतील ते. "पण पायडल कुणीतरी मारावं लागेल हां," तो बजावत होता. लोक ट्रकपाशी आपापले मिक्सर शोधत होते.

संध्याकाळी गवंडी मोठा पाना घेऊन गिरणीत आला आणि मुकाट्याने मोटरपाशी बसला. तीन नट आवळून झाले.

"चौथा बदलून टाकू का? फार गंजलाय."

"राहू द्या," गिरणीवाली म्हणाली. "सकाळी घरात तेवढाच एक जागेवर होता."