लेहवाल्याची वाकळ

"हे का थंडी हाय का बे! थंडी तं मी पाह्यली. लेहले किटलीतून चहा ओतला का कपात पोचतपर्यंत त्याची कांडी होये. तोडून तोडून खात होतो आमी."

कोंढा गावातली माणसं शेकोटीला चिकटून बसली होती, आणि धनीराम नुसत्या बनियानवर उभा. फौजेतून सुटून आल्याला बारा वर्षं झाली, तरी दर पौषात तो गावाला हाच चहा पाजायचा. गावानं त्याचं नावच लेहवाले करून टाकलं होतं.

शेकोटी विझली की लेहवाले दात वाजवत घरी. दार लावलं की सरळ बायकोच्या वाकळीत.

"पठाणकोटले कवापासून बर्फ पडाले लागला जी?" रुखमा विचारायची.

"हळू बोल नं माय, बाजूचा भय्याजी आयकन!"

खरी गोष्ट अशी, की धनीराम पठाणकोटच्या पुढं कधी गेलाच नव्हता. तिथं तो फौजेच्या लंगरात, जवानांच्या स्वयंपाकघरात, कांदे कापायचा. वरून उतरलेले जवान जेवताना जे सांगायचे, ते त्यानं कांद्यासारखं बारीक चिरून गावाला आणलं. हे फक्त रुखमाला माहीत. बारा वर्षांत तिनं ते विहिरीवरसुद्धा कुणाला सांगितलं नाही, आणि विहिरीवर तर बायका काय काय सांगतात!

वाकळ तिनंच शिवलेली, जुन्या लुगड्यांची. एका कोपऱ्याला तिच्या लग्नातल्या हिरव्या लुगड्याचा तुकडा. तो कोपरा ती बरोब्बर त्याच्या पायावर टाकायची. "लेहवाल्याचे पाय पाहा, बेंडकावानी थंडे," म्हणायची आणि हसायची.

एक्क्याऐंशीच्या जानेवारीत रुखमा तीन दिवसांच्या तापात गेली.

अंगणात तिरडी बांधली. गेलेल्या माणसाचं अंथरूण-पांघरूण घरात ठेवत नाहीत, नाल्यावरच्या घाटावर सोडून येतात. भय्याजीनं वाकळ उचलली. धनीरामानं तिचा कोपरा धरला.

"का झालं, लेहवाले?"

अंगणात चाळीस माणसं. एकूण एकानं तो चहा तोडून खाल्लेला.

"काही नाही," धनीराम म्हणाला. "दोरी नीट बांध."

वाकळ गेली. पाहुणे आले. घरात उरलेलं एक घोंगडं साळ्यानं ओढून घेतलं. "भाऊजीले का करा लागते, त्याइले थंडी वाजतच नाही," असं तो सगळ्यांना अभिमानानं सांगत होता. धनीराम दोन दिवस पाय पोटाशी घेऊन पडून राहिला. पाय काही केल्या गरम होईनात.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला लोक सकाळीच नाल्यावर पोचले, तर धनीराम आधीच तिथं. झुडपावर टाकलेली वाकळ त्यानं काढून आणली होती. दवानं चिंब भिजलेली ती वाकळ पांघरून तो राखेजवळ बसला होता. राख आतून अजून कोमट होती.

"भय्या, मी लेहले गेलोच नाही गा," तो म्हणाला. "पठाणकोटले कांदे कापत होतो. मले लय थंडी वाजते. पह्यलेपासून वाजते. पाह्यजे तं रुखमाले विचार."

मग भय्याजीनं दुपट्ट्यानं डोळे पुसले.

"पाहा बाप्पा, बाई गेली आन् माणसाचं डोस्कंच गेलं. ज्यानं लेह काढलं, त्याले आपल्या कोंढ्याची थंडी वाजन का?"

"खरं सांगून राहिलो बे!"

"हो हो, लेहवाले. खरं हाय."

सगळ्यांनी माना हलवल्या. डोकं फिरलेल्या माणसाच्या नादी लागू नये, नेऊ द्या त्याला वाकळ, असं ठरलं. रीत मोडली, पण वाकळ घरी आली.

धनीरामानं ती कुंपणावर उन्हात वाळू घातली आणि समोर राखण करत बसला. दुपारी साळ्यानं दोनदा जेवायला हाक मारली, म्हणून तो आत गेला. भाताचे चार घास खाऊन लगेच बाहेर आला.

भय्याजीचा गोऱ्हा दाव्यातून सुटला होता. त्यानं वाकळीचा हिरवा कोपरा खाल्ला. बाकीची वाकळ शाबूत होती.