दोन कानांना दोन तारा

टाचणीबाईंचे कान गेले, असं क्लबच्या बैठकीत ठरत होतं तेव्हा टाचणीबाई तिथेच, दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या माळ्यावर हौशी रेडिओवाल्यांचा हा क्लब भरायचा. बाई त्यातल्या जुन्या सभासद. एकतीस वर्षं कोर्टात लघुलेखिका म्हणून काढली. अंगाने बारीक, बोलायला टोकदार, म्हणून वकिलांनी टाचणी हे नाव पाडलं आणि ते त्यांना इतकं चिकटलं की निवृत्तीच्या समारंभात न्यायाधीशसुद्धा भाषणात तेच म्हणून गेले. नोकरी सुटल्यापासून अकरा वर्षं रोज सकाळी आठ वाजता त्या रेडिओसमोर बसायच्या. नऊशे किलोमीटरवर समुद्रात एक खडकाळ बेट होतं. तिथे तिघंजण पक्ष्यांची मोजदाद करत राहत. फोन पोचत नव्हता. त्यांचे निरोप शॉर्टवेव्हवरून घ्यायचे, घरच्यांना कळवायचे, आणि महिन्यातून एकदा सुटणाऱ्या बोटीसाठी सामानाची यादी उतरवून घ्यायची, हे काम बाईंचं.

भानगड झाली ती गेल्या महिन्याच्या यादीची. तिच्यात चौदा जागी नुसत्या रेघा होत्या. जे ऐकू आलं नाही ते लिहायचं नाही, तिथे रेघ मारायची, हा बाईंचा कोर्टातला शिरस्ता. एका रेघेमुळे साक्ष फिरत नाही, पण अंदाजाने लिहिलेल्या एका शब्दामुळे माणूस तुरुंगात जाऊ शकतो, असं त्या म्हणत. बोटवाल्यांना मात्र रेघा बोटीत भरता येईनात. यादी पुन्हा घ्यावी लागली, बोट एक दिवस उशिरा सुटली, आणि क्लबच्या सचिवांना बोटवाल्यांचं ऐकून घ्यावं लागलं.

सचिव तसे सभ्य गृहस्थ. विमा कंपनीत साहेब होते, घराच्या आवारात त्यांनी नुकताच चांगला उंच टॉवर उभारून त्यावर फिरती अँटेना बसवली होती. ते म्हणाले, "काकू, तुम्ही खूप केलंत. आता जरा विश्रांती घ्या. वयाप्रमाणे कान साथ देत नाहीत, त्यात कमीपणा काही नाही. सकाळचं काम मी बघतो."

बाकीचे टेबलाकडे बघत राहिले. कुणी पेनाचं टोपण काढलं, कुणी लावलं.

"माझ्या कानांची तपासणी कुणी केली?" बाईंनी विचारलं.

सचिव म्हणाले, तपासणी कशाला हवी, यादी समोर आहे.

"यादीवरून एवढंच कळतं की माझ्यापर्यंत शब्द पोचला नाही. तो वाटेत बुडाला की कानात, हे यादी सांगत नाही. पुढची यादी पंधरा दिवसांनी आहे. ती तुम्हीही घ्या, मीही घेते. दोन्ही कागद इथे टेबलावर ठेवू. तोवर इतिवृत्तात कान हा शब्द लिहायचा नाही."

घरी लेकीला हे कळलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला. ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती, आणि पुरावा मागणाऱ्या आईला पुरावाच दाखवावा म्हणून तिसऱ्या दिवशी तिला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी आलेख काढून दिला. डावा कान ठणठणीत. उजव्या कानाला बारीक, चिरके आवाज कमी येत होते, फार नाही, पण कमी.

रिक्षात लेक म्हणाली, "आई, आता तरी ऐक."

"ऐकतेच आहे की, तोच तर वाद आहे," बाई म्हणाल्या. पण आलेखाची घडी घालून त्यांनी ती पर्समध्ये ठेवली. चिरके आवाज. रोजच्या भाषेत त्याचा अर्थ काय, ते त्या घर येईपर्यंत मनात शब्द लावून बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठा सेट बैठकीच्या खोलीत लावून त्यांनी स्वयंपाकघरात फ्रिजवर एक जुना छोटा सेट ठेवला, त्याची दांडी सरळ वर ओढली आणि तोही त्याच जागी जुळवला. कानाचा दोष असेल तर दोन्हीकडे सारखंच कमी ऐकू येईल, असा हिशेब. आठ वाजता बेटावरचा निरीक्षक बोलू लागला. मधेच मोठ्या सेटवरचा आवाज नेहमीसारखा खोल खोल गेला, आणि त्याच क्षणी स्वयंपाकघरातून तोच आवाज खणखणीत आला: उत्तरेच्या कड्यावर चाळीस घरटी. थोड्या वेळाने फ्रिजवरचा बुडाला आणि बैठकीतला वर आला. बाई दोन्ही खोल्यांच्या मधल्या दारात उभ्या होत्या. कान तेच होते. बुडत होता तो आवाज.

मग त्यांनी कपाटातली जुनी पुस्तकं काढली. त्यांत सगळं होतं, फक्त इतकी वर्षं त्यांना गरज पडली नव्हती. वरच्या हवेच्या थरावर आपटून येणाऱ्या लहरी दोन-तीन वाटांनी येतात. कधी एकमेकींना हात देतात, कधी एकमेकींचा गळा दाबतात. शिवाय वाटेत पीळ पडून कधी आडव्या येतात, कधी उभ्या. बाईंची गच्चीवरची लांब तार आडवी; लहर उभी आली की तिला पत्ताच लागायचा नाही. अशा वेळी जुन्या काळच्या रेडिओ केंद्रांत दोन वेगळ्या अँटेना आणि दोन सेट लावत. एक बुडाली की दुसरी तरलेली असते. बाईंनी ठरवलं, हेडफोनच्या डाव्या कानाला एक सेट, उजव्याला दुसरा. सचिवांची अँटेना कितीही उंच असली तरी ती एकच होती.

दुसरी अँटेना कोणती निवडायची, यात मात्र दहा दिवस गेले. आधी त्यांनी पहिल्या तारेला समांतर दुसरी तार ओढली, सहा मीटरवर. गच्चीत त्याहून जास्त जागा नव्हती. दोन्ही तारा जुळ्या बहिणींसारख्या एकदमच हसायच्या आणि एकदमच रडायच्या. त्या लहरींच्या मानाने सहा मीटर म्हणजे काहीच नाही. मग बाल्कनीत तांब्याच्या नळीचं कडं करून लावलं. त्यातला आवाज वेगळ्या वेळी बुडायचा, हे चांगलं. पण त्याचा आवाजच मुळात इतका क्षीण की तो कान अर्धा वेळ झोपलेलाच. बाईंच्या लक्षात आलं, की जोडीदार नुसता वेगळा असून भागत नाही, तोलामोलाचाही हवा.

उरली उभी अँटेना. मासे पकडायच्या सामानाच्या दुकानातून त्यांनी दहा मीटरची फायबरची घडीची काठी आणली. ती उभी करायला तळमजल्यावरचा प्लंबर आला. तो आयुष्यभर इतरांच्या गच्च्यांवर टाक्या बसवत आलेला माणूस. त्याने वाऱ्याचा अंदाज घेतला, काठी कठड्याला तीन जागी आवळली आणि विचारलं, एवढी मोठी गळाची काठी, पाणी कुठे आहे. बाई म्हणाल्या, नऊशे किलोमीटरवर. त्याला ते पटल्यासारखं दिसलं.

काठीच्या अंगाने तार वर नेली, खाली गच्चीच्या फरशीवर चार तारा चारी दिशांना पसरल्या. सेट लावला तर नुसती खरखर. लिफ्टची मोटर सुरू झाली की कान किटायचे. बाईंनी सगळं सोडवलं आणि लिफ्टच्या खोलीपासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यात पुन्हा बांधायला लावलं. लेक संध्याकाळी गच्चीवर आली तेव्हा आई गुडघ्यांवर बसून फरशीच्या सांध्यांतून तार दाबत होती.

"एवढं सिद्ध करून काय मिळणार आहे तुला?" लेकीने विचारलं.

"मिळायचं काही नाही. माझं आहे ते कुणी उचलून नेऊ नये, एवढंच."

लेक चप्पल काढून दुसऱ्या टोकाची तार धरायला बसली. उजवा कान कमी असताना त्याला अर्धं काम का देतेस, हेही तिने विचारलं. बाईंनी त्या कानाच्या सेटचा आवाज दोन रेघा वाढवून दाखवला. दोन्ही सेट जुळवायला मात्र वेळ लागायचा. एकाचा आवाज जरा जाडा, एकाचा जरा बारीक. बटण केसाएवढं फिरवत राहिलं की एका क्षणी दोन माणसांचा एक माणूस व्हायचा आणि डोक्याच्या बरोबर मधे उभा राहून बोलायचा. मग तो कधी डावीकडे सरकायचा, कधी उजवीकडे, पण खोलीतून निघून जायचा नाही.

यादीच्या सकाळी हवा खराब होती. बेटावरून बासष्ट वस्तू आल्या. बाईंनी त्या डोळे मिटून उतरवून घेतल्या. हात आपला लिहीत होता. तिकडे सचिव आपल्या टॉवरखाली बसून लिहीत होते. दुपारी चारला सगळे माळ्यावर जमले. ठरलं होतं असं, की दोन्ही कागद वाचायचे आणि जुळणार नाही तो शब्द क्लबच्या सेटवरून निरीक्षकाला परत विचारायचा.

सचिवांच्या कागदावर एकही रेघ नव्हती. त्यांनी तो जरा पुढे सरकवून ठेवला. बाईंच्या कागदावर दोन रेघा होत्या, आणि त्या बघून मागच्या रांगेतल्या कुणीतरी सुस्कारा सोडला.

मग विचारणं सुरू झालं. सचिवांचा दोर तीस मीटर होता. निरीक्षक म्हणाला वीस. सचिवांनी हातमोजे लिहिले होते. त्याला पायमोजे हवे होते. असे सात शब्द निघाले, आणि सातही बाईंच्या कागदावर बरोबर होते. त्यानंतर कुणाच्या तरी लक्षात आलं की सचिवांच्या यादीत वस्तूच अठ्ठावन्न आहेत, बाईंच्या यादीत बासष्ट. चार वस्तू आवाज बुडाला तेव्हा आल्या होत्या आणि आवाज वर आला तेव्हा संपल्या होत्या. काही राहिलं हे त्यांना कळलंच नव्हतं. त्या चारांत निरीक्षकाच्या सोबत्याचं दम्याचं औषध होतं.

खाली कुणीतरी सायकलच्या चाकात हवा भरत होतं, तेवढाच आवाज.

सचिवांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, आजची हवाच वाईट होती. कुणी काही म्हणायच्या आत बाईच म्हणाल्या, की हवा वाईट होती हे खरं आहे, आणि निरीक्षकाला अजून एक विचारायचं राहिलंय. त्यांच्या यादीत बॅटऱ्या साठ होत्या, सचिवांच्या सात. निरीक्षक म्हणाला, सात.

बाईंनी पर्समधून डॉक्टरांचा आलेख काढला आणि टेबलावर उलगडून ठेवला. लेक दाराशी उभी होती. तिने मान खाली घातली.

"ही चूक माझ्या उजव्या कानाची आहे," बाई म्हणाल्या. "रेघ मारायला हवी होती, मारली नाही, कारण मला ऐकू आलं असं वाटलं. एवढा माझा कान गेलाय. या कागदावर जेवढा दिसतो, तेवढाच. त्याहून जास्त गेलाय असं म्हणायचं असेल तर आत्ता म्हणा, सगळ्यांसमोर."

सचिवांनी आलेख नीट बघितला, उलट करून पुन्हा सुलट धरला. मग इतिवृत्ताची वही पुढे ओढून लिहायला घेतलं. सकाळचं काम काकूंकडेच राहावं, असं सगळ्यांनी हात वर करून ठरवलं. सचिवांनी ते लिहिलं आणि सहीसाठी वही बाईंकडे दिली. बाईंनी वाचलं: सकाळची जबाबदारी प्रायोगिक तत्त्वावर काकूंकडे राहील.

त्यांनी सचिवांच्या हातातूनच पेन घेतलं आणि "प्रायोगिक तत्त्वावर" हे दोन शब्द सरळ रेघेने खोडले. खोडलेल्या जागी आद्याक्षरं घातली, कोर्टात घालतात तशी. मग खाली स्वतःच्या अक्षरात आणखी एक ओळ वाढवली: यापुढे प्रत्येक आकडा घेणाऱ्याने परत वाचून दाखवून पक्का करावा, हा नियम काकूंनाही लागू.

"हे कुणी मांडलं म्हणून लिहू?" सचिवांनी विचारलं.

"मी मांडलं. अनुमोदन तुम्ही द्या."

सचिवांनी पेन परत घेतलं आणि अनुमोदन दिलं.